फाटकाजवळचा सखल भाग

२ मार्च, रविवार

घरासमोरच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवून घेण्याचा निर्णय आज पक्का केला. निर्णयामागची कारणे नोंदवून ठेवणे इष्ट वाटते.

पहिले कारण असे, की दोन वर्षांपूर्वी गल्लीचा रस्ता सिमेंटचा झाला आणि आमच्या अंगणाहून उंच झाला. गेल्या जुलैत पावसाचे पाणी फाटकातून आत शिरले व व्हरांड्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आले. कौसल्या पदर खोचून ते खराट्याने बाहेर लोटत होती. तेव्हा ती म्हणाली होती, "पुढच्या पावसाआधी अंगणाचं काहीतरी बघा." मी "बघू" असे उत्तर दिले होते. नोव्हेंबरमध्ये ती गेली. सूचना मात्र कायम आहे.

दुसरे कारण लिहिण्यासाठी वरील ओळ सोडली होती. ते आता आठवत नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकविला. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, यापलीकडे या कामात काही अवघड असेल असे वाटत नाही.

६ मार्च

आज अंगणाची उंची मोजली. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन टोके दोघांनी धरायची. दोन्हीकडे पाणी एका पातळीत राहते, त्यावरून जमिनीचा चढउतार कळतो. दुसरे टोक शेजारच्या रामभाऊंनी धरले. ते बँकेतून निवृत्त झाले असून चार पिढ्यांपासून इंदूरचे आहेत. त्यांच्या मराठीविषयी मी मत देत नाही.

"सर, तुमच्याकडे पाणी किती आलं? माझ्याकडे तो शर्टावर आलं."

"नळी उभी धरा."

"उभीच तो धरली ना. खरं सांगू, बँकेत अपन इतकी मेहनत कधी नाही केली."

निष्कर्ष अनपेक्षित आहेत. अंगण दिसते तसे सपाट नाही. व्हरांड्यापासून फाटकाकडे मंद उतार आहे, तो समजण्यासारखा आहे. परंतु फाटकाच्या आत, डाव्या बाजूस, मोठ्या परातीएवढा एक सखल भाग आहे. खोली तळहाताएवढी. कडा गुळगुळीत. पाऊस, वारा किंवा वाहनाचे चाक यांपैकी कशानेही असा आकार येत नाही.

"हा खड्डा कशाने झाला असावा?" मी विचारले.

रामभाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग खड्ड्याकडे. "राहू द्या ना सर तो."

"परंतु कारण?"

"असंच." ते नळी गुंडाळू लागले. "चला, आमच्या शैलजानं पोहे केलेत. वरचा जिरावन मसाला संपायच्या आत पोचू."

१० मार्च

समोच्च रेषांचा नकाशा पूर्ण झाला. तरीही उताराची दिशा ठरत नाही.

ब्लॉकच्या फरशीला थोडा उतार द्यावाच लागतो, अन्यथा सांध्यांत पाणी राहून खालची वाळू निघून जाते. उतार घराकडे देता येत नाही, भिंतीत ओल येईल. रस्त्याकडे देता येत नाही, रस्ता उंच आहे. रामभाऊंच्या भिंतीकडे देणे असभ्यपणाचे ठरेल. डाव्या कोपऱ्यात कौसल्याने लावलेले लिंबाचे झाड आहे. त्याच्या मुळांत सगळ्या अंगणाचे पाणी सोडले तर ते कुजेल. शोषखड्डा करावा तर जमीन काळी. काळी माती सुरुवातीला पाणी पिते, पण पिऊन फुगते आणि मग पुढचे पाणी घेत नाही.

शिवाय तो सखल भाग. ज्या प्रदेशातून पाणी बाहेर जाण्यास वाट नसते, त्याला आम्ही अंतर्गत जलनिस्सारणाचा प्रदेश म्हणत असू. असे प्रदेश वाळवंटात आढळतात. अन्नपूर्णा मार्गामागच्या वसाहतीत, पंचेचाळीस फुटी भूखंडावर, तो का आढळावा?

नकाशा चांगला उतरला आहे. तो दाखविण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर पसरूनही ठेवला. मग परत गुंडाळला.

१५ मार्च, शनिवार

आज एक अवघड पत्रव्यवहार उरकला.

कौसल्याच्या माहेरची मंडळी मलकापूरची. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी ती जीप करून आमच्याकडे येतात, मुक्काम करतात, सकाळी महूला जातात आणि दुपारी इथे परतून, जेवून, गावी निघतात. माझे वडील महूच्या छावणीत हवालदार होते. माझे बालपण तिथलेच. त्यामुळे जयंतीला मी पहाटेच महूला पोचतो. पुस्तकांच्या दुकानाची व्यवस्था माझ्याकडे असते. रात्री परत येईपर्यंत पाहुणे गेलेले असतात. म्हणजे त्यांचे सारे कौसल्याच पाहत असे. अंगणात चूल मांडली जाते, एवढे मला ठाऊक होते.

मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी पुढील मजकूर पाठविला: "सप्रेम जयभीम. अंगणाचे काम मार्चअखेरीस सुरू होत असल्याने यंदा आपल्या निवासाची व भोजनाची व्यवस्था करणे शक्य होणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व." मजकुरात त्रुटी नाही. सातआठ जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली.

संध्याकाळी पुण्याहून दीक्षाचा फोन आला. तीही त्या गटावर आहे.

"पप्पा, काम एप्रिलमध्येच कशाला?"

"पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हायला हवे."

"पावसाळा जूनमध्ये येतो. मे आहे ना मध्ये."

"मे महिन्यात मजूर लग्नसराईसाठी गावी जातात."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हे मला कोणी सांगितले नव्हते. तरीही ते खरे असण्याची शक्यता आहे, असे मी म्हणालो.  ती म्हणाली, "बरं. पण आईची जागा तेवढी राहू द्या हं. तिथे ब्लॉक नका बसवू."

मी तिला तसे आश्वासन दिले. रविवारी लिंबाभोवती विटांचे गोल आळे आखून घेणार आहे.

१९ मार्च

रंगपंचमी. रंगांची मिरवणूक, म्हणजे गेर, निघाली आहे, शहर बंद आहे. अंगणाच्या कामासाठी ठरविलेला मिस्त्री आज येणार नव्हता, आला. नखशिखांत गुलाबी होता. "सरजी, बुरा मत मानना," म्हणत त्याने माझ्या कपाळाला रंग लावला आणि गेला. मी शोकात आहे हे त्याला ठाऊक नसावे. रंग पुसला. पूर्ण गेला नाही.

२४ मार्च, सोमवार

मांगीलाल मिस्त्री सांवेरकडचा आहे. बोलका आहे आणि स्वतःच्या मताचा आहे. आज खोदाई सुरू झाली. वरची काळी माती काढून मुरूम भरायचा, तो दाबायचा, त्यावर वाळूचा समान थर, त्यावर ब्लॉक.

दुपारीच मतभेद झाला. त्याचे म्हणणे, मुरूम सपाट भरू आणि वाळू कमीजास्त टाकून उतार काढू. मी सांगितले, की जिथे वाळू जाड असेल तिथे फरशी खचेल. उतार खालच्या थरातच द्यायचा असतो.

"सरजी, पूरे इंदौर में अपन ऐसेई करते हैं।"

"म्हणूनच पूर्ण इंदूरमध्ये ब्लॉक खचलेले आहेत."

त्याने पान थुंकले, बाहेर जाऊन थुंकले हे मान्य करायला हवे. "सई है। आप ढाल बता दो, अपन नीचे से बना देंगे। किधर देना है?"

मी नकाशा पाहतो म्हणालो.

२८ मार्च

फाटकाजवळची माती काढताना मांगीलालची कुदळ खणकन वाजली. सखल भागात, मातीच्या पातळ थराखाली, कोटा दगडाचे तुकडे निघाले. हिरवट, स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम झाले तेव्हाचे, मी ओळखले. ते तुकडे घंटागाडीत टाकले गेले, अशी माझी समजूत होती. तुकडे एकमेकांना भिडवून बसविलेले आहेत, गुळगुळीत बाजू वर. त्यांची एक चिंचोळी रांग भिंतीच्या कडेने लिंबाच्या दिशेने गेली आहे.

"यो तो किसी ने लगाया है," मांगीलाल म्हणाला.

"बांधकामाचा राडारोडा असावा."

"राडा ऐसे सीधा नी पड़ता, सरजी।"

त्याने कुदळ पुन्हा उचलली. मी त्याला थांबविले. कारण विचारले तेव्हा, प्रथम तेथील पातळीची फेरतपासणी आवश्यक आहे, असे सांगितले. हे कारण योग्यच होते. तपासणी मात्र केली नाही. संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून त्या तुकड्यांकडे पाहत बसलो. राडारोड्याकडे इतका वेळ पाहण्याचे प्रयोजन काय, हे सांगता येणार नाही.

२ एप्रिल

उताराचा आराखडा पुन्हा बदलला. पहिल्यांदा फाटकालगत आडवी नाली व लोखंडी जाळी. मग घराच्या कडेने मागे नेणारा उतार. आज पुन्हा नाली. प्रत्येक आराखड्यात सखल भाग मधे येतो. तो भरून टाकला की सर्व आकडे जुळतात. "भरा" एवढे म्हणायचे आहे. आज सकाळी म्हणायला बाहेर आलो आणि मांगीलालला चहा हवा का ते विचारून आत गेलो.

"सरजी," तो नंतर म्हणाला, "अपन को दिहाड़ी मिल रही है, अपन को दिक्कत नी। पर आपका आँगन खुदा पड़ा है।"

दुपारी जनाबाईंचा फोन. कौसल्याच्या या थोरल्या बहिणीला सारेच अक्का म्हणतात.

"जावईबापू, तुमचा निरोप वाचला. पोरानं वाचून दाखवला. लई शुद्ध लिहिता तुम्ही."

"आभारी आहे."

"आमी येऊन राह्यलो."

मी अंगणाची परिस्थिती समजावून सांगितली. माती, मुरूम, वाळूचा ढीग, चूल मांडण्यास जागा नाही.

"आमी काय अंगण पाहाले येऊन राह्यलो का? यंदा ती नाही म्हणून तिचं दार चुकवाचं का मंग? एक डाव चुकलं की पुढच्या साली जीप परभारे महूले जाईन. मंग कोन्हाले आठवणार हाये हे घर?"

मी म्हणालो, की तांत्रिक अडचण समजून घ्यावी.

"समजली," अक्का म्हणाल्या. "तेराला येतो."

७ एप्रिल

काम बंद. मी उतार सांगेपर्यंत दुसरीकडे जातो, असे सांगून मांगीलाल गेला. वाळूच्या ढिगावर मांजर झोपते.

१३ एप्रिल, रविवार

सायंकाळी जीप आली. बायका जास्त, पुरुष दोनच. मी फाटकापासून व्हरांड्यापर्यंत फळ्या टाकून ठेवल्या होत्या. कोणीही फळ्यांवरून आले नाही. सारे डावीकडून, मुरमावरून, भिंतीच्या कडेने आले. अक्कांनी दाराशी उभे राहून घराकडे पाहिले, कौसल्याच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, मग विचारले, "वरवंटा कुठी हाये?"

मला ठाऊक नव्हते. त्यांना सापडला.

ब्लॉकच्या थप्पीवर चूल मांडली गेली. ब्लॉकला काजळी धरेल, अशी सूचना मी केली. "मंग उलटे बसवा ते," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ब्लॉक खरोखरच उलटे बसविता येतात का, याचा मी बराच वेळ विचार केला.

१४ एप्रिल

सकाळी मंडळी महूला गेली. मी यंदा गेलो नाही. पुस्तकांचे दुकान समितीने दुसऱ्याकडे सोपविले आहे. शिवाय कामावर देखरेख आवश्यक होती. काम बंद असल्याचे नंतर लक्षात आले.

दुपारी ऊन कडक होते. जीप परतली. बायका उतरल्या, चपला रस्त्यावरच काढल्या आणि फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत एकीमागे एक उभ्या राहिल्या. कोणीही आत येईना. मी "आत या" म्हणालो.

"येतो ना. पाणी आणा पयले."

मी थाळीत पाण्याचे पेले भरून आणले. रांगेत हशा पिकला.

"प्याचं नाही, जावईबापू," अक्का म्हणाल्या. "पायावर घालाचं. ऊन तुडवून आलो आमी. बादली आणा, लोटा आणा."

मी उभाच राहिलो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"कौसल्यानं तुमाले कधी सांगितलं नाही?"

"नाही."

"तुमाले पाया पडणं चालत नाही ना. घरात कोन्ही कोन्हाच्या पायाले हात लावाचा नाही, हे तुमचंच बोलणं. म्हणून ती हात नाही लावे. वरूनच पाणी घाले, हर साली, एकेकीच्या पायावर. म्हणे, सरांचा शब्दही मोडला नाही अन् तुमचे पायही निवले. तुम्ही राहा तिकडं महूले पुस्तकं इकत."

बादली आणली. अक्का खाली न पाहता एक पाऊल आत आल्या आणि त्या सखल भागात, कोटा दगडांच्या तुकड्यांवर उभ्या राहिल्या. त्यांची दोन्ही पावले तिथे बरोबर मावली. मी पाणी घातले.

"हळू. टाचेवर घाला, टाच जळते."

टाचेवर घातले. पाणी पावलांभोवती क्षणभर थांबले, मग तुकड्यांच्या रांगेवरून भिंतीच्या कडेने निघाले आणि लिंबाच्या आळ्यात गेले. मी वाकून पाहिले. म्हणजे तो प्रदेश अंतर्गत जलनिस्सारणाचा नव्हता. त्याला वाट होती. माझ्या नकाशात ती आली नाही.

अक्का पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी पाय काढला नाही. मागे रांग खोळंबली होती. मग त्या बाजूला झाल्या व पुढची बाई आली. सर्वांच्या पायांवर मी पाणी घातले. रामभाऊ भिंतीपलीकडून बघत होते. मी पाहिल्यावर ते आत गेले.

मी आक्षेप घेतला होता तो पाय धरण्यास. पाणी घालण्याविषयी माझे काही मत होते, असे आठवत नाही. माझ्या मताचा तिने लावलेला अर्थ बरोबर होता की चूक, आणि चूक असल्यास तिला ते विचारता आले असते की नाही, यांपैकी कशाचीही नोंद माझ्यापाशी नाही. आणि रामभाऊंना हे ठाऊक होते. बहुधा सर्व गल्लीला.

निघताना अक्का म्हणाल्या, "पुढच्या साली ब्लॉक असतील मंग. हे कुठी असन?"

मी म्हणालो, "पाहतो." त्यांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही, हे दिसत होते.

२१ एप्रिल, सोमवार

आराखडा निश्चित केला.

सखल भाग आहे तिथेच राहील. त्यावर ब्लॉक बसणार नाहीत. कोटा दगडाचे तेच तुकडे पक्के करावयाचे. व्हरांड्याकडून व दोन्ही बाजूंनी फरशीचा उतार त्या जागेकडे. तिथून उथळ पन्हळ लिंबाकडे. पावसाचे अधिक पाणी लिंबाला बाधू नये म्हणून आळ्याआधी जाळी व नळ. तो गल्लीच्या खालच्या टोकाशी असलेल्या गटारात. रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून फाटकाबाहेर उंचवटा.

मांगीलालने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "सरजी, गेट के अंदर तो सबसे ऊँचा रखते हैं। आप सबसे नीचा करा रहे हो।"

"हो."

"आने वाले के पैर गीले होंगे।"

"होऊ देत."

"वजह कई है?"

मी तांत्रिक कारण सांगू लागलो. दोनतीन वाक्यांनंतर ते माझ्याच ध्यानात येईना. त्याने हात वर केला. "रेने दो। ढाल मिल गई, अपना काम हो गया।"

सायंकाळी दीक्षाला विचारले, "आईची जागा म्हणजे तुला कोणती म्हणावयाची होती?"

"फाटकाजवळची. दुसरी कोणती? मी लहानपणी बादली भरून द्यायची तिला." मग तिचा आवाज बदलला. "पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी लिंबाभोवती आळे केले आहे," मी म्हणालो.

ती हसली की रडली, ते फोनवर कळले नाही.

३ मे

काम काल पूर्ण झाले. काही ब्लॉकवर काजळी आहे. ते उलटे बसत नाहीत, कारण वरच्या बाजूच्या कडा तासलेल्या असतात. चुलीचे म्हणून ते व्हरांड्याजवळ एकत्र बसवून घेतले.

उताराची चाचणी घेणे बाकी होते. नियमाप्रमाणे सर्वांत उंच जागी पाणी ओतून ते कुठे थांबते हे पाहावे. व्हरांड्याच्या पायरीशी बादली रिकामी केली. पाणी सरळ गेले, कुठेही रेंगाळले नाही.

परंतु एवढ्याने समाधान झाले नाही. फाटकाशी गेलो, चपला काढल्या, आत पाऊल टाकून त्या जागेवर उभा राहिलो. लोटा हातात होता. वाकून पाणी घातले. वाकल्यामुळे वजन पुढे गेले, टाचा उचलल्या गेल्या आणि पाणी बोटांवरच पडले. पुन्हा प्रयत्न केला. तेच झाले. भिंतीला धरूनही पाहिले. एकट्याने ही चाचणी घेता येत नाही. एकाने उभे राहावे लागते, दुसऱ्याने घालावे लागते. कौसल्याच्या पायांवर कोणी घालत असे का, हे अक्कांना विचारायचे राहिले.

मग भिंतीपलीकडे रामभाऊंना हाक मारली. ते आले. मी अनवाणी, हातात लोटा, असा उभा होतो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"टाचेवर घाला," मी म्हणालो.